नोंद नसलेले मत : लोकप्रतिनिधीची जाहीर भूमिका आणि सभागृहातील मतदान

लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या सदस्याने आपल्या कार्यकाळात कोणत्या विधेयकावर कोणत्या बाजूने मत दिले, हा मतदाराला पडणारा अगदी साधा प्रश्न असला, तरी भारतात त्याचे उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही. सदस्याची उपस्थिती मोजता येते, त्याने विचारलेल्या तारांकित आणि अतारांकित प्रश्नांची संख्या काढता येते, त्याची भाषणे छापील कार्यवाहीत वाचता येतात, आणि पत्रकार परिषदांतली व सभांमधली त्याची वक्तव्ये तर रोज कानांवर पडतच असतात. परंतु विधेयकाचा कायदा होतो तो मताने, आणि नेमके तेच मत बहुधा कोणाच्याही नावावर लागत नाही. जाहीर भूमिका उदंड आणि मताचा पुरावा नाही, ही स्थिती संसदेच्या कामकाजाचे नियम, पक्षांतरबंदीचा कायदा आणि पक्षांची सोय या तिन्हींतून घडत गेली आहे, त्यामुळे तिचा विचारही या तिन्ही अंगांनी करावा लागतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १०० नुसार संसदेच्या आणि अनुच्छेद १८९ नुसार राज्य विधिमंडळाच्या सभागृहातील निर्णय उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने होतात. मात्र हे बहुमत कसे मोजावे हे घटनेने सांगितलेले नाही, ते प्रत्येक सभागृहाने स्वतःच्या नियमांनी ठरवायचे आहे. रूढ पद्धत आवाजी मतदानाची आहे. पीठासीन अधिकारी, म्हणजे त्या वेळी सभागृह चालवणारे अध्यक्ष, सभापती किंवा तालिकेवरील सदस्य, प्रस्ताव मतास टाकतात, अनुकूल सदस्य ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल सदस्य ‘नाही’ म्हणतात आणि कोणता आवाज मोठा यावरून निर्णय जाहीर होतो. या निर्णयाला सदस्याने आव्हान दिले तर मतविभागणीचा, म्हणजे अनुकूल आणि प्रतिकूल मते प्रत्यक्ष मोजण्याचा, प्रश्न उभा राहतो. लोकसभेच्या नियम ३६७ प्रमाणे अशा वेळी लॉबी रिकामी करण्याचा आदेश दिला जातो, सदस्यांना बोलावणारी घंटा साडेतीन मिनिटे वाजते, नंतर दरवाजे बंद होतात आणि प्रश्न पुन्हा मतास टाकला जातो. तरीही आव्हान कायम राहिले तर सदस्य आपापल्या जागेवरून बटण दाबतात, हिरवे अनुकूल, लाल प्रतिकूल आणि पिवळे तटस्थ. ही स्वयंचलित यंत्रणा लोकसभेत १९५७ पासून आहे. बटण चुकले किंवा दाबायचे राहिले तर सदस्य चिठ्ठीवरून दुरुस्ती नोंदवतात, म्हणून आकडे नेहमी ‘दुरुस्तीच्या अधीन राहून’ असेच वाचले जातात, आणि कोणी कोणत्या बाजूने मत दिले त्याची नावे त्या दिवसाच्या कार्यवाहीत छापली जातात. एवढी काटेकोर व्यवस्था हाताशी असताना ती वापरली जाते फारच थोड्या विधेयकांवर.

याचे एक कारण त्याच नियमात आहे. मतविभागणीची मागणी अनाठायी आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते सदस्यांना जागेवर उभे राहायला सांगून केवळ डोकी मोजू शकतात आणि तेव्हा नावे नोंदली जात नाहीत. अमेरिकेच्या राज्यघटनेने उपस्थितांपैकी एक पंचमांश सदस्यांना नावनिहाय नोंदीची मागणी करण्याचा हक्क दिला आहे. भारतात एका सदस्याने आव्हान दिले तरी चालते, त्यामुळे वरकरणी इथला नियम अधिक उदार दिसतो. पण त्या आव्हानाचे पुढे काय होणार हे अखेर आसनावरील व्यक्तीच्या मतावर अवलंबून राहते. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली, तेव्हा विरोधकांनी मतविभागणी मागितली होती आणि मागणी करणारे सदस्य आपल्या जागेवर नव्हते असे कारण देऊन ती मान्य झाली नाही. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले, त्यांत महाराष्ट्रातून निवडून गेलेले राजीव सातव होते. ज्या कायद्यांविरुद्ध शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले, त्या कायद्यांना राज्यसभेत नेमका किती जणांचा पाठिंबा होता हे अधिकृतपणे कधीच मोजले गेले नाही, आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते रद्द झाले तेही चर्चेविना आणि आवाजी मतदानानेच.

महाराष्ट्र विधानसभेतील १२ नोव्हेंबर २०१४ चा प्रसंग याहून ठळक आहे, कारण तिथे विधेयकाऐवजी सरकारचे अस्तित्वच मतास लागले होते. २८८ जागांच्या सभागृहात १२२ जागा जिंकलेल्या भारतीय जनता पक्षाकडे स्वतःचे बहुमत नव्हते. ४१ जागांच्या राष्ट्रवादी काँग्रेसने बाहेरून पाठिंबा देऊ केला होता, तर शिवसेना विरोधी बाकांवर बसली होती. विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला, शिवसेना आणि काँग्रेसने मतविभागणी मागितली, आणि निर्णय जाहीर झाल्यानंतर मागणी आली म्हणून ती फेटाळली गेली. पुढच्याच महिन्यात शिवसेना सरकारात सामील झाली. त्या दिवशी राष्ट्रवादीच्या ४१ आमदारांनी मत दिले की ते गप्प राहिले, शिवसेनेच्या सदस्यांचे ‘नाही’ खरोखर किती होते, यांपैकी एकाही गोष्टीची नोंद इतिहासाला उपलब्ध नाही. बहुमत आहे की नाही याचीच शंका असताना ते आवाजावरून ठरवणे संसदीय रीतीला धरून नव्हते, असेच म्हणावे लागते. पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणी गुप्त मतदानाने घेऊ नये आणि तिचे थेट प्रक्षेपण व्हावे असे आदेश दिले. ३० नोव्हेंबरला उद्धव ठाकरे सरकारच्या ठरावावर शिरगणती झाली, म्हणजे प्रत्येक सदस्याने उभे राहून आपले नाव आणि क्रमांक उच्चारला. १६९ मते अनुकूल पडली, चार सदस्य तटस्थ राहिले आणि भारतीय जनता पक्षाने सभात्याग केला.

मतांची नोंद टाळता येत नाही असे एकच मोठे क्षेत्र उरते, ते घटनादुरुस्तीचे. अनुच्छेद ३६८ प्रमाणे तिथे एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत असे दोन्ही लागत असल्यामुळे मते मोजावीच लागतात. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाली, ती दोन मते असदुद्दीन ओवैसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांची होती. मताची नोंद कशी वाचावी याचे हे उत्तम उदाहरण आहे. केवळ आकडा पाहणारा वाचक या दोघांना महिला आरक्षणाचे विरोधक ठरवील. त्यांची भाषणे वाचणाऱ्याला मात्र दिसेल की इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम महिलांसाठी स्वतंत्र वाटा ठेवला नाही हा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप पटो वा न पटो, तो चर्चेत बोलून दाखवून मतदानाच्या वेळी अनुकूल बटण दाबणाऱ्या सदस्याची आणि या दोघांची भूमिका एक नव्हे, आणि हा फरक मतदारापुढे आला तो केवळ नावे नोंदली गेली म्हणून. हेच विधेयक साध्या बहुमताचे असते तर आवाजी मतदानाच्या गजरात ते ‘एकमताने’ मंजूर झाल्याचे छापून आले असते. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१८ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाची विधेयके अशीच एकमताने संमत केली, आणि त्या एकमताखाली सदस्यांचे खरे मतभेद किती झाकले गेले हे सभागृहाबाहेरील त्यांच्या वक्तव्यांवरून ज्याने त्याने ताडायचे.

दुसरे अंग पक्षादेशाचे, म्हणजे व्हिपचे. सभागृहात कसे मत द्यावे याविषयी पक्षाने सदस्यांना दिलेला लेखी आदेश म्हणजे पक्षादेश, आणि तो बजावणारा सदस्य म्हणजे प्रतोद. १९६७ च्या निवडणुकीनंतर राज्याराज्यांत पक्षांतराची लाट आली, तेव्हा केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. त्या काळात पक्ष बदललेल्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपदे मिळाली असे तिच्या पाहणीत दिसले. रोग खरा होता. मात्र १९७८ मध्ये जनता सरकारने पक्षांतरबंदीचे विधेयक मांडू पाहिले तेव्हा त्याला मांडणीच्या टप्प्यावरच विरोध झाला, आणि तो करणाऱ्यांत सत्ताधारी पक्षातलेच मधू लिमये होते, कारण औषध म्हणून आणलेला कायदा सदस्याच्या सदसद्विवेकावरच घाला घालील अशी भीती होती. पुढे १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. तिच्या परिच्छेद २ प्रमाणे पक्षादेशाविरुद्ध मत देणारा, इतकेच नव्हे तर मतदानाला गैरहजर राहणारा सदस्यही अपात्र ठरतो. पक्षाने पूर्वपरवानगी दिली असेल किंवा पंधरा दिवसांत ती कृती माफ केली असेल तरच तो वाचतो. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेली मुभा गेली आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची तेवढी उरली.

या तरतुदीची व्याप्ती कोणत्याही मतदानापर्यंत पोहोचते, आणि दोष नेमका तिथेच आहे. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये अपात्रता विश्वासदर्शक आणि अविश्वास ठरावांपुरती मर्यादित करावी असे सुचवले होते; किहोटो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये अनुसूची वैध ठरवतानाही पक्षादेशाचा वापर सरकारचे अस्तित्व आणि पक्षाचे मूलभूत धोरण एवढ्यापुरताच असावा असा कल दाखवला; मनीष तिवारी यांनी २०१० मध्ये त्याच दिशेने अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक, आणले. यांतले काहीही कायद्यात उतरले नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या प्रश्नावर सरकारविरुद्ध मत देणाऱ्या हुजूर पक्षाच्या २१ सदस्यांना पक्षाने बाहेर काढले, तरी त्यांची संसदेतील जागा शाबूत राहिली आणि पुढच्या निवडणुकीत त्यांचे काय करायचे ते मतदारांवर सोपवले गेले. भारतात तीच कृती सदस्यत्व घालवते.

पक्षादेशापुढे सदस्याचे स्वतःचे मत कसे उरत नाही, हे नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाच्या वेळी दिसले. ९ डिसेंबर २०१९ च्या मध्यरात्री लोकसभेत ते ३११ विरुद्ध ८० मतांनी मंजूर झाले आणि शिवसेनेच्या खासदारांनी अनुकूल मत दिले. दोनच दिवसांनी राज्यसभेत त्याच पक्षाने मतदानापूर्वी सभात्याग केला. मधल्या काळात विधेयकाचा मजकूर बदलला नव्हता, बदलला होता तो पक्षाचा निर्णय, कारण काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबरची त्याची महाराष्ट्रातली नवी आघाडी तेव्हा जेमतेम दोन आठवड्यांची होती. लोकसभेतल्या खासदारांपैकी कोणाला हे विधेयक मनापासून पटले होते आणि कोणाला नव्हते हा प्रश्न या पद्धतीत उद्भवतच नाही. उलट बाजूचे उदाहरण एप्रिल २०२५ चे आहे. वक्फ दुरुस्ती विधेयक लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ आणि राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५ मतांनी मंजूर झाले, त्या वेळी बिजू जनता दलाने आधी विरोध जाहीर करूनही ऐनवेळी पक्षादेश न काढता आपल्या राज्यसभा सदस्यांना सदसद्विवेकाने मत देण्याची मोकळीक दिली. त्यावरून ओडिशात पक्षाच्या आतच वादळ उठले. सदस्याला मोकळीक मिळणे ही आपल्या राजकारणात इतकी अपवादात्मक बाब झाली आहे की ती मिळाली तर तिच्यामागचा डाव आधी शोधला जातो.

पक्षादेश नेमका कोणाचा, हा पुढचा गुंता महाराष्ट्राने देशाला दाखवला. शिवसेना फुटल्यानंतर ३ जुलै २०२२ रोजी राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष झाले आणि दुसऱ्या दिवशी एकनाथ शिंदे सरकारने १६४ विरुद्ध ९९ असा विश्वास मिळवला. दरवाजे बंद झाल्यामुळे काँग्रेसचे काही सदस्य बाहेर राहिले ते वेगळेच. शिवसेनेच्या दोन गटांचे दोन प्रतोद होते, सुनील प्रभू आणि भरत गोगावले, आणि दोघांचे आदेश परस्परविरोधी होते. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे असे स्पष्ट केले आणि गोगावले यांना दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. त्यानंतर १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी शिंदे गटच मूळ शिवसेना असल्याचा निर्णय देऊन गोगावले यांची नेमणूक वैध धरली आणि कोणत्याही गटाच्या आमदारांना अपात्र ठरवले नाही. या सगळ्या गदारोळात शिरगणतीने एक गोष्ट मात्र उजेडात आणली. कळमनुरीचे आमदार संतोष बांगर यांचे मत ३ जुलैला ठाकरे गटाबरोबर आणि ४ जुलैला शिंदे यांच्याबरोबर होते, आणि हे अवघ्या महाराष्ट्राने पाहिले. आवाजी मतदानात असा बदल कोणाच्या लक्षातही आला नसता.

मतदानाच्या गुप्ततेचा प्रश्नही २०२२ मध्येच ऐरणीवर आला. राज्यसभेच्या निवडणुकीत २००३ पासून खुले मतदान आहे, म्हणजे आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते; विधान परिषदेच्या निवडणुकीत मात्र आमदारांचे मतदान गुप्त असते. २० जून २०२२ च्या परिषद निवडणुकीत सत्ताधारी आघाडीची मते फुटली, काँग्रेसचा एक उमेदवार पडला, आणि त्याच रात्री शिवसेनेतले बंड सुरू झाले. मते कोणाची फुटली हे आजही तर्काने सांगावे लागते. मतदाराला गुप्ततेचा हक्क आहे, कारण तो कोणाचा प्रतिनिधी नसतो. आमदार दुसऱ्यांच्या वतीने मत देतो, म्हणून त्याला तोच हक्क देणे तर्काला धरून नाही. मताची नोंद नाही म्हणून जाहीर शब्दावर विसंबावे, तर तेही जमत नाही. गोव्यात २०२२ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसच्या उमेदवारांना मंदिर, चर्च आणि दर्ग्यात नेऊन पक्षनिष्ठेच्या शपथा घ्यायला लावल्या होत्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निवडून आलेल्या अकरांपैकी आठ आमदार भारतीय जनता पक्षात गेले. जाहीर भूमिकेवर किती विसंबावे, याचा यापेक्षा वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाही.

भूमिका आणि मत यांतली दरी सर्वांत स्पष्ट दिसली ती कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कारवाया रोखण्यासाठी म्हणून आणलेल्या महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी. हे विधेयक संयुक्त समितीकडे गेले, तिच्याकडे साडेबारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या, समितीत विरोधी पक्षांचे ज्येष्ठ नेते होते, आणि राज्यभर डावे पक्ष, संघटना व विरोधी नेते त्याविरुद्ध बोलत होते. तरीही १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत ते आवाजी मतदानाने मंजूर झाले आणि स्पष्ट विरोध नोंदवला तो मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी निषेध नोंदवून सभात्याग केला, पण तोवर खालच्या सभागृहातील संधी निघून गेली होती. मतविभागणी मागण्यासाठी एका सदस्याचा आवाज पुरतो, बहुमताची गरज नसते. ती मागितली असती तर विधेयक थांबले नसते हे खरे, पण कोण कुठे उभा होता हे कायमचे कागदावर आले असते. विरोधी बाकांवरील पक्षांनी ती जबाबदारी टाळली, ही त्यांच्या मतदारांशी केलेली प्रतारणाच होय.

मताची नोंद नसल्यामुळे अभ्यासकांनी इतर मोजमापे शोधली आहेत. दिल्लीची पीआरएस ही संस्था खासदारांची उपस्थिती, प्रश्न, चर्चेतील सहभाग आणि अशासकीय विधेयके यांची माहिती देते, तर मुंबईतील प्रजा फाउंडेशन शहरातील आमदारांची प्रगतिपुस्तके काढते. हे काम मोलाचे आहे, पण त्यातून कष्ट कळतात, भूमिका कळत नाही. शिवाय मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, त्यामुळे तुलना तिथेच लंगडी पडते. भूमिकेचा अधिक खरा मागोवा सदस्याने सुचवलेल्या दुरुस्त्या, समितीच्या अहवालाला जोडलेल्या असहमतीच्या टिपण्या आणि अशासकीय विधेयके यांत सापडतो. राजापूरचे खासदार नाथ पै यांनी, संसदेला मूलभूत हक्कांत दुरुस्ती करता येत नाही असे ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर, १९६७ मध्ये संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार प्रस्थापित करणारे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही, पण त्यांची भूमिका काय होती याविषयी आज कोणालाही शंका नाही. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे चिंतामणराव देशमुख हे कुलाब्याचे खासदार होते, आणि मतापेक्षाही स्पष्ट बोलणारी कृती कशी असते हे त्यांनी दाखवून दिले.

नावनिहाय मतदानावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला जातो, तो असा की पक्षादेशाची तलवार टांगती असताना नावे नोंदली तर पक्षाची पकडच अधिक घट्ट होईल, आणि आवाजी मतदानात सदस्याला निदान गप्प बसण्याची तरी सोय असते. आक्षेपात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. गप्प बसलेला सदस्य पक्षाच्या नजरेतून सुटत नाही, त्याच्या शेजारी प्रतोदच बसलेला असतो. तो सुटतो फक्त मतदाराच्या नजरेतून. म्हणून पक्षादेश विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पापुरता मर्यादित करणे ही अखेरची सुधारणा असली, तरी नोंदीची सुधारणा तिच्यासाठी अडून राहण्याचे कारण नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये मतविभागणीच्या अधिकृत याद्या १८३६ पासून प्रसिद्ध होतात, आणि युरोपीय संसदेत कायद्यांवरील अंतिम मतदान नावनिहाय होते.

भारतात यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. अनुच्छेद ११८ ने संसदेच्या आणि अनुच्छेद २०८ ने राज्य विधिमंडळाच्या सभागृहांना आपले नियम स्वतः करण्याचा अधिकार दिला आहे, आणि विधेयकाच्या अंतिम टप्प्यावर नावनिहाय मतदान सक्तीचे करणारी एक ओळ त्या नियमांत घालणे पुरेसे आहे. महाराष्ट्र विधानसभेच्या नियम समितीने ती ओळ सुचवावी, सदस्यांनी ती संमत करावी, आणि पुढच्या निवडणुकीत दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मतदारांनी या एका नियमाविषयी त्याचे मत विचारून ते लिहून घ्यावे.